जयस्तंभावर निबंध लिहिताना

गोंदिया, तिरोडा, आमगावकडच्या विद्यार्थ्यांनो, भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर निबंध लिहायचा असेल, तर घोषणेने सुरुवात करू नका. घोषणा सभेत शोभते. निबंधाला पुरावा लागतो.

आधी विरोधकांचे म्हणणे कागदावर मांडा. स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला. कंपनीच्या फौजेत इतर जातींचेही सैनिक होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, लपवू नका.

मग आपली बाजू. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरली आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक' लागलेली, म्हणजे महार सैनिकांची. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांची नावे तेव्हा दुसऱ्या कोणत्या दगडावर होती? पुढे इंग्रजांनीच महारांची लष्करभरती बंद केली, हेही लिहा. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन मानवंदना दिली आणि साहेबाचा स्तंभ आपल्या स्वाभिमानाचा झाला.

शेवटी निष्कर्ष. स्तंभ कोणी उभारला, हा अर्धा प्रश्न. त्यावरची नावे कोणी वाचली आणि कशासाठी, हा उरलेला अर्धा. २०१८ साली तेथे जाणाऱ्यांवर दगडफेक झाली. त्या दगडांना पुराव्याने उत्तर देणारी लेखणी आपल्या जिल्ह्यात घडली पाहिजे.