नाशिकचं शरणपूर आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा

गुलामांचा व्यापार म्हटलं की अमेरिकाच आठवते. पण त्या लढ्याचं एक पान आपल्या नाशिकात लिहिलं गेलंय, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते.

इंग्लंडमध्ये थॉमस क्लार्कसन बंदरोबंदर फिरून या व्यापाराविरुद्ध पुरावा म्हणून खलाशांच्या जबान्या आणि बेड्या गोळा करायचा. अनेक घरांत गुलामांच्या श्रमाची साखर बंद झाली. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने या व्यापारावर बंदी घातली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र तो चालूच होता. ब्रिटिश आरमाराने गुलामांची जहाजं पकडली की सुटलेल्या मुलांपैकी काही मुंबईला, तिथून नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये येत. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने शवपेटीला खांदा दिला. केवढा प्रवास!

१८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

आणि गुलामीचं आजचं रूपही सांगतो. उचल फिटेपर्यंत कुणाला कामावर अडकवून ठेवणं ही वेठबिगारीच. १९७६ च्या कायद्याने ती गुन्हा आहे आणि तसलं कर्जही रद्द होतं. आपल्या तालुक्यात असं दिसलं, तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांना जरूर कळवा.