जुनी सायकल : घासणे आणि पारखणे



आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंच्या मुलीस यंदा आठवीसाठी पाच किलोमीटरांवरील शाळेत नाव घालावे लागले. तिच्यासाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून ९०० रुपयांस एक बिनदांड्याची सायकल आणली. ती अंगणात टेकते न टेकते तोच मुलीने लाल रंगाचा डबा मागितला. तो मी दिला नाही. का दिला नाही, हेच आज निवेदन करावयाचे आहे.

जुनी सायकल धुणे म्हणजे तिची तपासणी करणे होय. मळ आणि नवा रंग, दोघेही तडे झाकण्यात सारखेच वाकबगार. म्हणून प्रथम साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सांगाडा पुसून काढावा. पाण्याची धार मारू नये. पाणी चाकांच्या आसांत शिरते व आतील छर्रे गंजतात. नंतर चांगल्या उजेडात पुढच्या चिमट्याचा माथा आणि हँडलखालचे सांधे बोटाने चाचपावेत. केसासारखी रेघ व तिच्या कडेस तांबूस गंज दिसला, तर ती सायकल मुलाच्या हाती देऊ नये. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांकही मळाखालून याच वेळी वर येतो. तो कानशीने घासलेला असल्यास माल चोरीचा असण्याचा संभव फार. खरे म्हणजे इतके तरी पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे. ओले फडके घेऊन बाजारात आलेल्या म्हाताऱ्यास पाहून विक्रेता हसला, हसेना का.

साखळी काढून रात्रभर रॉकेलात, ते न मिळाल्यास डिझेलमध्ये, बुडवून ठेवावी आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने घासावी. मग ताणून पट्टीवर धरावी. लगतच्या दोन खिळ्यांत अर्धा इंच अंतर असते. तेव्हा अशी २४ अंतरे मिळून बरोबर १२ इंच भरली पाहिजेत. अष्टमांश इंच अधिक भरल्यास नवी साखळी घ्यावी, कारण झिजलेली साखळी चक्राचे दातेही झिजविते. आमची तेवढी अधिक भरली, आणि खर्च वाढला.

क्रोमच्या मुलाम्यावरील गंजास पॉलिश कागद लावू नये. मुलामाच खरवडला जातो. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून, पाण्यात भिजवून घासावा. हा धातू क्रोमहून मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. मात्र चाकाच्या धावेस तेलाचे बोटही लागू देऊ नये! तरुणपणी चाके आरशासारखी दिसावीत म्हणून मी धावांवरून तेल पुसले. कात्रजच्या उतारावर ब्रेकची रबरे नुसती घसरत राहिली. कोपरावरचा वण अद्याप आहे.

उंच काळ्या सायकलींस पुढे ३२ व मागे ४० तारा ही आपल्याकडील जुनी रीत. पुसताना प्रत्येक तारेवर चमचा वाजवावा. ताठ तार टिण् म्हणते, सैल तार बद्द बोलते. सैल तारा आढळल्या तर चाकाचा आऊट दुकानात काढून घ्यावा. ती विद्या मला साधली नाही. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हे विसरून जोर करू नये.

रंगाचा डबा मी पाचव्या दिवशी दिला. मुलीने दोन्ही मडगार्ड लाल केले. सांगाड्याचा जुना रंग मात्र मी तसाच ठेवविला. पुढेमागे तडा गेलाच, तर तो तिला दिसला पाहिजे.