काटा सांगत नाही ते

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. त्यात दोन संशोधक शेजारीशेजारी उभे होते: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंची-वजनाच्या गणितातून निघणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे एकाच मापाचे. आतला हिशेब मात्र दुपटीहून वेगळा.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हा प्रश्न हल्ली मध्यमवर्गीय घरांतही चर्चेला येतो. त्या चर्चेची सुरुवात बहुधा ‘वजन किती आहे?’ इथून होते आणि शेवट ‘किती किलो उतरतील?’ इथे. या शस्त्रक्रियेचे विज्ञान पाहिले, तर दोन्ही प्रश्न दुय्यम ठरतात.

आधी शस्त्रक्रियेचेच पाहू. पोट म्हणजे पिशवी, ती लहान केली की माणूस कमी खाणार, अशी शल्यचिकित्सकांचीही समजूत होती. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन घटते आणि पुन्हा वाढत नाही, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले आणि १९६६ साली त्यांनी गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. पण पुढे एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. बायपास झालेल्या मधुमेही रुग्णांची रक्तातील साखर काही दिवसांतच उतरत होती. वजन तर अजून फारसे हललेलेही नसे! अमेरिकी शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली हे अनुभव मांडले, तेव्हा आश्चर्याचा सूर त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होता.

उत्तर मिळाले ते हार्मोन्समध्ये. जठर आणि आतडी अन्न पचवता पचवता मेंदूला आणि स्वादुपिंडाला सतत निरोप धाडत असतात. १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलेले ग्रेलिन हे हार्मोन ‘भूक लागली’ हा निरोप नेते. ते प्रामुख्याने जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत हा भाग धरून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के हिस्सा कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी एक चिमुकली पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तिथून जीएलपी-१ हे हार्मोन जास्त प्रमाणात स्रवते. ते इन्सुलिनला चालना देते आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवते. म्हणजे शस्त्रक्रिया पिशवी छोटी करते हे खरे, पण तिची खरी करामत निरोप बदलण्यात आहे.

‘दोन घास कमी खा, चालायला जा’ हा सल्ला अतिलठ्ठ माणसाला पुरत नाही, त्याचे कारणही इथेच आहे. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत आहार आणि व्यायामाच्या जोरावर प्रचंड वजन घटवलेल्या १४ जणांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. घटलेले वजन शरीराला दुष्काळ वाटतो, आणि दुष्काळात शहाणा माणूस जसा हात आखडतो, तसे शरीरही आखडते. यात मनोनिग्रहाचा दोष शोधणे अन्यायाचे आहे.

मग ही शस्त्रक्रिया कुणासाठी? अमेरिकेत १९९१ साली ठरलेली रेषा अनेक दशके प्रमाण मानली गेली: बीएमआय ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत मधुमेह, उच्च रक्तदाबासारखा आजार. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या दोन संघटनांनी, एक अमेरिकी आणि एक आंतरराष्ट्रीय, ती खाली आणली. आजार असो वा नसो, ३५ ला शस्त्रक्रियेची शिफारस. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा विकार असल्यास विचार. आणि आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढेच हा पर्याय समोर ठेवावा. याज्ञिकांच्या छायाचित्राचा अर्थ इथे कळतो. आपल्या शरीरात चरबी कमी वजनातच साठते, तीही पोटाभोवती, म्हणून मधुमेहही लवकर गाठतो.

पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी २७.५ म्हणजे अवघे ७० किलो. ३५ म्हणजे जवळपास ९० आणि ४० म्हणजे १०२. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत मात्र अजून जुनेच आकडे आहेत: वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणे) यांसारखे दुखणे. वैद्यक जिथे दार उघडते, तिथे विमा ते उघडेलच असे नाही.

म्हणून ७० किलोच्या प्रत्येकाने शस्त्रक्रियागृह गाठायचे का? मुळीच नाही. २७.५ ही विचार सुरू करण्याची पायरी आहे. बीएमआयचे सूत्र १८३२ च्या सुमारास मांडणाऱ्या बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांना लोकसमूहाची सरासरी हवी होती, एका माणसाचे निदान नव्हे. निर्णय करताना पाहायचे ते हे: वजनामुळे शरीरात नेमके काय बिघडले आहे? मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, चरबीने भरलेले यकृत, जिना चढू न देणारे गुडघे यांपैकी काय आहे, आणि औषधे-आहार-व्यायाम प्रामाणिकपणे करूनही ते आटोक्यात येत नाही का? थायरॉइडसारखे दुसरे कारण तपासले का?

फायदा किती? स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक लठ्ठ व्यक्तींचा दीर्घ मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघाले. तरीही सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच होते. मधुमेहाबाबत अमेरिकेतील १५० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी हे सरासरी रक्तशर्करेचे माप सहा किंवा त्याखाली राखू शकले ते केवळ औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के. फरक मोठा आहे, पण ‘मधुमेह कायमचा बरा’ या जाहिरातीपासून दूर. मधुमेह जितका जुना, तितकी तो मागे हटण्याची आशा कमी.

आता किंमत, आणि ती केवळ बिलातली नव्हे. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया अनुभवी हातांत बरीच सुरक्षित झाली आहे. तरी टाके गळणे, रक्तस्राव, पायांच्या शिरांत गुठळी हे धोके उरतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते, म्हणून आधीच आम्लपित्ताने बेजार माणसाला बहुधा बायपास सुचवतात. बायपासनंतर जिलबी-श्रीखंड भराभर खाल्ले की घाम, धडधड आणि पोटात मुरडा ठरलेला. दारूही लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष लांबवावी लागते. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या व ठरावीक काळाने रक्ततपासणी जन्मभर. पुण्यातल्या पाहण्यांत बी-१२ ची कमतरता शस्त्रक्रियेविनाच मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. शाकाहारी घरात ती आणखी लवकर गाठणार. शिवाय रोज ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने त्या इवल्याशा जठरातून पोटात घालायची, म्हणजे भाताआधी दही, पनीर, डाळ, सोयाबीन.

आणखी एक वाट आता खुली झाली आहे. २०२५ मध्ये भारतात टिर्झेपटाइड आणि लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने आली. आतड्याच्या त्याच निरोपांची ती नक्कल करतात. चाचण्यांत सव्वा-दीड वर्षात सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन घटले. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आले. सुईचा निरोप सुई आहे तोवरच. शस्त्रक्रियेचा निरोप दीर्घकाळ टिकतो, पण काही वर्षांनी थोडे वजन तिथेही परतते. आणि स्लीव्हमध्ये काढलेले जठर पुन्हा बसवता येत नाही. कुणासाठी औषध आधी, कुणासाठी शस्त्रक्रिया, कुणासाठी दोन्ही, हे आजाराची तीव्रता, वय आणि खिसा पाहून ठरावे.

सल्ला घ्यायला जाताना चार प्रश्न सोबत न्यावेत. माझ्या कोणत्या आजारासाठी ही शस्त्रक्रिया? स्लीव्ह की बायपास, आणि माझ्यासाठी तीच का? काही बिघडले तर रात्री-अपरात्री कोण पाहणार? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या चमूत आहेत का? ताण आला की खाणारा माणूस शस्त्रक्रियेनंतरही ताण घेऊनच घरी परततो. नैराश्य किंवा व्यसन असेल, तर त्याचे उपचार आधी.

पाचवा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, घरच्यांना विचारायचा. आपल्या पंगतीत नाही म्हणणाऱ्याच्या पानातही एक जिलबी जास्त पडते. प्रेमाचे माप आपण आग्रहात मोजतो. ज्याच्या पोटाने ‘पुरे’चा निरोप नव्याने पाठवायला सुरुवात केली आहे, त्याच्यासमोर अर्धी वाटी वरण, दोन घास भाजी एवढेच पान असेल. पाणीही तो जेवणासोबत पिणार नाही, अर्ध्या तासाने पिईल. त्या पानावर वाढायला आलेला आपला हात मागे घेता येईल का?