पूर कोणाच्या हद्दीत आला?

पूर ओसरल्यानंतर शासनाची यंत्रणा सर्वांत आधी पंचनाम्याचे काम हाती घेते. तलाठी आणि महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जाऊन भिंत पडली की तडकली, धान्य भिजले की वाहून गेले, गुरे किती दगावली याची नोंद करतात आणि त्या नोंदीवरून सानुग्रह मदतीची रक्कम ठरते. हे काम आवश्यकच आहे. परंतु पंचनाम्यात काय गेले हे लिहिले जाते, पाणी का आले हे लिहिण्याची सोय त्यात नसते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतरच्या काळात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील गृहनिर्माण संस्था, नदीसाठी काम करणाऱ्या संघटना आणि खाडीकाठचे शेतकरी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आले आहेत, तो हाच राहून गेलेला प्रश्न आहे. या कामाला मोर्चा किंवा घोषणा यांपेक्षा मोजमाप, अर्ज आणि पोचपावत्या अधिक लागतात, आणि म्हणूनच त्याची कार्यपद्धती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

ती समजण्यासाठी आधी पाण्याची वाट समजून घ्यावी लागते. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरभागात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी कल्याणकडे येते. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी तिला उन्हाळ्यातही वाहते ठेवते. बदलापूर शहर मागे पडल्यावर बारवी आणि पुढे भातसा नदीचे पाणी घेऊन आलेली काळू तिला मिळते, तर अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाट काढणारी वालधुनी कल्याणमध्ये येऊन मिसळते. कल्याणपाशी नदीची खाडी होते आणि ती डोंबिवली, दिवा, मुंब्रा यांच्या कडेने ठाण्याच्या उत्तरेकडून वसईच्या समुद्राकडे जाते. या खालच्या पट्ट्यात पाण्याची पातळी केवळ पावसावर अवलंबून नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती, जिला उधाण म्हणतात, ती आणि घाटातला जोराचा पाऊस एकाच वेळी आले, तर खाडी नाल्यांचे पाणी स्वीकारत नाही आणि ते पाणी मागे फिरून वस्तीत शिरते.

या एकाच प्रवाहावर अनेक कार्यालयांची हद्द चालते. नदी आणि भातसा धरण जलसंपदा विभागाकडे आहे, बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे, शहरातले नाले महापालिकांचे, रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेच्या, खाडीचे बंदर म्हणून असलेले व्यवस्थापन सागरी मंडळाचे, कांदळवन वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे, वाळू महसूल विभागाची आणि खारजमिनींचे बांध खारभूमी विकास यंत्रणेचे. प्रत्येक कार्यालयाचे उत्तर त्याच्या हद्दीपुरते बरोबर असू शकते आणि तरीही पुराचे कारण कोणाच्याच उत्तरात सापडत नाही, कारण पाणी एका हद्दीत अडते आणि दुसऱ्या हद्दीत घरात शिरते. नागरिकांच्या कामाचा गाभा म्हणूनच जबाबदारीचा नकाशा तयार करण्यात आहे: कोणती मोरी, कोणती उघाडी (बांधातली झडप), कोणता बांध आणि कोणता भराव कोणत्या कार्यालयाच्या नावावर आहे, हे एका कागदावर आणणे.

या नकाशाची पहिली नोंद पूरखुणेची असते. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची जी आडवी रेघ राहते, ती एक-दोन सरींत धुऊन जाते; त्याआधी तिच्यावर पक्क्या रंगाने खूण करून तारीख, वेळ आणि जोत्यापासूनची उंची लिहावी लागते. जिन्याच्या आतल्या बाजूची रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा विश्वासार्ह असते, कारण बाहेर वाहनांमुळे उठलेल्या लाटांनी ती वर सरकलेली असते. एका इमारतीची खूण फारसे काही सांगत नाही. परंतु नाल्याच्या दोन्ही काठांवर, मोरीच्या वर आणि खाली अशा ओळीने घेतलेल्या खुणा एका समान पातळीशी जोडल्या की पाणी कुठे तुंबले ते दिसू लागते. मोरीच्या वरच्या अंगाची खूण खालच्या अंगापेक्षा बरीच उंच असेल, तर मोरी अपुरी होती किंवा गाळाने बुजलेली होती असा निष्कर्ष निघतो. दोन्ही खुणा सारख्याच असतील, तर अडथळा आणखी खाली किंवा खाडीतच होता. त्यासोबत भरतीच्या वेळा आणि धरणाच्या विसर्गाच्या वेळा मांडल्या की तक्रारीला पुराव्याचे बळ येते.

दुसरी नोंद बांधांची असते. कोकणच्या खाडीकाठी भरतीचे खारे पाणी अडवून भातशेतीसाठी जमीन मिळवण्याची पद्धत जुनी आहे. शिलोत्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत बाहेरचा बांध सांभाळणाऱ्याला कसणाऱ्यांकडून ठरलेला वाटा मिळत असे, म्हणजे बांधाची जबाबदारी आणि तिचा मोबदला एकाच माणसाच्या नावावर होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने ही कामे शासनाच्या कक्षेत आली. अशा बांधातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे उघाडी. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खाडीचे पाणी आत येऊ न देणारी ही झडपेची रचना असते. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की झडप आपोआप मिटते आणि कमी झाला की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. झडपेत लाकडाचा ओंडका किंवा प्लास्टिकचा गठ्ठा अडकला, बिजागरी गंजली किंवा तळाशी गाळ साचला, तर ती अर्धवट उघडी राहते आणि मग बांध शाबूत असूनही उधाणाचे पाणी आत येते.

बांधाची पाहणी करणारी माणसे काही ठरावीक चिन्हे शोधतात. बांधाचा माथा कुठे खचला आहे का, खाडीकडच्या बाजूचे दगडी पिचिंग निखळले आहे का, उंदरांनी आणि खेकड्यांनी पाडलेली बिळे आरपार गेली आहेत का, आणि आतल्या पायथ्याशी ओल किंवा झिरपा आहे का, हे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन पाहावे लागते. झिरप्याचे पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवणे पुरते. ते गढूळ येत असेल तर पाण्याबरोबर बांधातली मातीही बाहेर येत आहे, आतून पोकळी वाढत आहे आणि खांड जाण्याचा, म्हणजे बांध फुटून प्रवाहाला वाट मिळण्याचा, धोका जवळ आला आहे असे समजावे लागते. कळवा-दिवा पट्ट्यात शेती मागे पडून जमिनींवर भराव आणि इमारती आल्या, तेव्हा बांधावरून रोज फिरणारा शेतकरी गेला. इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला मात्र आपण एखाद्या बांधाच्या आत राहतो, याची कल्पनाही नसते.

इथे एक गुंतागुंत प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जिथे बांध फुटून बरीच वर्षे गेली, तिथे खारफुटी उगवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर खारफुटीच्या क्षेत्रातील सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. शेतकऱ्याला जमीन परत हवी असते आणि पर्यावरण कार्यकर्त्याला झाडी वाचवायची असते. परंतु लाटांचा जोर मोडून बांधाचा पायथा सांभाळण्याचे काम हीच झाडी करते. त्यामुळे सरसकट काँक्रीटची भिंत मागण्यापेक्षा कोणता बांध दुरुस्त करायचा, कोणता मागे घ्यायचा आणि कुठे खाडीला पसरायला जागा सोडायची, हे जागेवर जाऊन ठरवण्याची मागणी अधिक जबाबदार ठरते.

तिसरी नोंद नालेसफाईची. पावसाळ्यापूर्वी पोकलेनने नाल्यातला गाळ काढून काठावर टाकतात, तो निथळला की डंपरमध्ये भरून वजनकाट्यावरून पुढे नेतात आणि वजनाच्या पावत्या व मोजमाप पुस्तिकेतील नोंदी यांवर ठेकेदाराचे देयक निघते. काठावरचा ढीग उचलला गेला नाही, तर पहिल्याच मुसळधार पावसात तो पुन्हा नाल्यात उतरतो, आणि कागदावर काम पूर्ण झालेले असते. नागरिकांना वजनकाट्यावर उभे राहता येत नाही, पण काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर त्याच पुलावरून, त्याच कोनातून, मोजपट्टी धरून छायाचित्र घेता येते. गाळ काढल्यावर तळ किती खाली गेला हे मोजपट्टी दाखवते. नुसते पाणी वाहताना दिसणारे छायाचित्र त्याविषयी काहीच सांगत नाही.

या नोंदींना शासकीय कागद जोडण्याचे साधन म्हणजे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा. त्यातील व्याख्येनुसार माहिती मिळवणे म्हणजे केवळ प्रती घेणे नव्हे. काम आणि अभिलेख यांची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्यात येते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. म्हणून जाणकार मोठा अर्ज एकदाच न लिहिता प्रत्येक मोरीसाठी, प्रत्येक बांधासाठी वेगळा नेमका अर्ज करतात: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, तपासणी अहवालाची प्रत, दुरुस्तीचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असल्यास कलम ६ (३) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे बंधनकारक आहे, आणि हे हस्तांतरणाचे पत्रच कोणाची हद्द कुठे संपते याचा लेखी पुरावा बनते. माहिती उपलब्ध नाही, असे उत्तर आले तरी ते निरुपयोगी नसते. त्या बांधाची तपासणीच नोंदलेली नाही, असे त्या कार्यालयाने स्वतःच्या सहीने मान्य केलेले असते. लोकशाही दिनात किंवा न्यायालयात हेच कागद उभे राहतात. उल्हासच्या प्रदूषणाचे प्रकरण वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेले आणि २०१५ मध्ये प्रक्रिया केंद्रे व स्थानिक संस्था यांना पैसे भरण्याचा आदेश झाला.

नागरिकांच्या हातातला आणखी एक आधार पूररेषांचा आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द लाल रेषेने दाखवली जाते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या आणि लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. रंगवलेल्या पूरखुणा पूररेषांच्या नकाशावर ठेवून पाहिल्या, तर कुठे भराव टाकल्यामुळे पाणी रेषेबाहेर ढकलले गेले, हे विचारण्याची जागा तयार होते.

पुराव्याची ही शिस्त नागरिकांनी स्वतःलाही लावून घ्यावी लागते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, बदलापूर परिसर जलमय झाला आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी धरणाकडे बोट दाखवले जाते; पण बारवी उल्हासला बदलापूरच्या खाली मिळते, त्यामुळे वांगणीतल्या पाण्याचे कारण बारवीच्या विसर्गात शोधता येत नाही. खालच्या गावांसाठी आणि रायत्यासारख्या पुलांसाठी मात्र तोच प्रश्न पूर्णपणे रास्त आहे. चुकीच्या कार्यालयावर केलेला आरोप खऱ्या जबाबदार कार्यालयाला मोकळे सोडतो.

असा आग्रह काय साधू शकतो, हे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात दिसले. मुंबई परिसर बुडाल्यानंतर सुमारे महिनाभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना वादळात त्या शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळच अतिप्रचंड होते, ही समजूत रूढ होत असताना सँडी रोझेन्थल यांच्यासारख्या नागरिकांनी कालव्यांच्या पूरभिंती नियोजित पातळीपर्यंत पाणी येण्याआधीच का कोसळल्या, हा प्रश्न लावून धरला. २००६ मध्ये त्या भिंती बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने रचनेतील दोष मान्य केले. त्याच वर्षी नागरिकांच्या मोहिमेनंतर विखुरलेली बांध मंडळे एकत्र करणारी घटनादुरुस्ती लुइझियाना राज्यात मंजूर झाली, आणि २००७ मध्ये पूरबांधांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कायदा झाला. उलट आपल्याकडे चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाच्या गळतीबाबत गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या, तरी २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि माणसे वाहून गेली. तिथे माहिती कमी पडली नव्हती. तक्रारीवर ठरावीक मुदतीत कोणी काय करायचे, हे ठरलेले नव्हते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांसाठी पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी बंधनकारक केली आहे. खाडीचे बांध, उघाड्या आणि नाल्यांच्या संरक्षक भिंती त्याच्या कक्षेबाहेर आहेत, जरी त्यांच्या आड राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेतील नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार राहिला, म्हणजे सभागृहात प्रश्न विचारण्याचा नेहमीचा मार्गही बंद होता. म्हणून तीन मागण्या अग्रक्रमाच्या आहेत: प्रत्येक बांधाची व उघाडीची, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि शेवटच्या तपासणीची तारीख असलेली सार्वजनिक नोंदवही; धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी यांची सर्वांना पाहता येईल अशी नोंद; आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर पंचनाम्याबरोबर कारणांचा अहवाल.

हे काम जूनमध्ये सुरू करून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत निविदा निघालेल्या आणि निधी वाटलेला असतो. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव पावसाळा संपल्यावर सुरू होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने ऑक्टोबरमध्येच आपल्या नाल्याची, मोरीची किंवा बांधाची पाहणी करावी, तो कोणाच्या नावावर आहे हे लेखी विचारावे आणि अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.