लेखांक 9 : शंका पुरेशी आहे

वृद्धाश्रमाच्या करारनाम्यातली कलमं आज उलगडायची होती, ती पुढच्या खेपेला. मागच्या लेखांकातली हेळसांडीची लक्षणं वाचून एका वाचकांनी विचारलंय, "डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, हाती पुरावा नाही, मग तक्रार करायची कशाच्या जोरावर?" माझं उत्तर, शंकेच्या जोरावर. पुरावा शोधणं हे भेटायला आलेल्या मुलीचं काम नव्हेच. दंडावरचा काळानिळा डाग घ्या. उतारवयात कातडी पातळ होते; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पलंगाची कड लागली तरी डाग उठतो. असे साध्या धक्क्याचे डाग बहुधा हातापायांवर असतात. मानेवर किंवा कानावर डाग दिसला तर मात्र चौकशी हवीच. हा भेद डॉक्टरांनी करायचा. माकडहाडावरची जखम कूस न बदलल्यामुळे झाली की अखेरच्या आजारात सगळी काळजी घेऊनही झाली, हेही तपासणीत आणि शुश्रूषेच्या नोंदींवरून ठरेल. पुराव्याची वाट पाहण्यात जखम हाडापर्यंत पोचते.

अमेरिकेत 2010 च्या एल्डर जस्टिस ॲक्टने हेच मानलं. सरकारी निधी घेणाऱ्या शुश्रूषागृहातल्या कर्मचाऱ्याला तिथल्या रहिवाशाबाबत गुन्हा घडल्याची रास्त शंका आली, तर गंभीर इजा असल्यास दोन तासांत आणि एरवी 24 तासांत पोलिसांना व सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. कळवलं म्हणून त्याला नोकरीवरून काढता येत नाही. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मुलांसाठी आपणही 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 मध्ये नुसत्या आशंकेवरही कळवणं बंधनकारक केलं आहे. ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्यात असं बंधन नाही. त्याचं कलम 24 वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतं. टाकून न देता ओल्या अंथरुणात तसंच पडू देणारा त्यात बसत नाही. अंथरुणाला खिळलेली आजी तान्ह्या बाळाइतकीच परस्वाधीन असते, म्हणून ही उणीव मला अन्यायाची वाटते.

खोट्या तक्रारीने चांगली संस्था बदनाम होईल, असं म्हणतात. पण "पाठीवर जखम दिसली, कारण समजलं नाही, तपासावं" या शब्दांत कोणावरही आरोप नाही, आणि जिथे नोंदी चोख आहेत तिथे त्याच संस्थेची बाजू मांडतील. दुसरा आक्षेप जड आहे : आईला तिथेच राहायचंय, राग तिच्यावर निघाला तर? हे भय खरं आहे. मात्र गप्प राहिल्याने तिचा त्रास थांबत नाही, त्रास देणाऱ्याला तेवढी खात्री पटते की विचारणारं कोणी नाही. म्हणून कळवल्यानंतरचे काही दिवस घरातल्या कोणीतरी रोज, वेळ बदलून, तिथे जावं.

जे दिसलं ते तारीख-वेळेसह त्याच दिवशी वहीत लिहा आणि ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत क्रमांकावर सांगा. जिवाला धोका दिसला तर वहीसाठी थांबू नका, आधी 112 लावा.