कानशीकडून गेजकडे : हार्पर्स फेरीचा रायफल कारखाना

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात आणि अमेरिकेत तयार होणाऱ्या ठासणीच्या बंदुका नमुन्याने सारख्या असत, पण त्यांचे भाग सारखे नसत. नळी, लाकडी दस्ता आणि लॉक हे बंदुकीचे तीन प्रमुख घटक होत. त्यांपैकी लॉक म्हणजे चकमक धरणारा घोडा, त्याला झेप देणारी कमान, त्याला अडवून ठेवणारी खीळ आणि रंजकाची वाटी यांची एका लोखंडी पट्टीवर केलेली जुळणी. हे भाग ठोकून घडवले गेले की जोडारी ते कानशीने घासून एकमेकांत बसवीत असे, आणि दुसऱ्या बंदुकीच्या भागांत ते मिसळू नयेत म्हणून त्यांवर खुणाही करीत असे. लढाईत एखादी कमान तुटली, तर दुसऱ्या मोडक्या बंदुकीतली कमान काढून तिथे तशीच बसेल याचा भरवसा नव्हता. त्यासाठी पुन्हा कारागीर आणि त्याची कानसच लागे.

या अडचणीवर फ्रान्समध्ये होनोरे ब्लाँ या कारागिराने उपाय शोधला. अमेरिकेचे तेथील राजदूत थॉमस जेफरसन यांनी १७८५ मध्ये त्याच्या कार्यशाळेत सुट्या केलेल्या पन्नास लॉकांचे भाग पाहिले, हाती येतील ते भाग घेऊन स्वतः काही लॉक जुळवले आणि ते अचूक बसल्याचे मायदेशी कळवले. अमेरिकेत या कल्पनेचे श्रेय दीर्घकाळ ईलाय व्हिटनी यांना दिले जात असे. १७९८ मध्ये त्यांनी दहा हजार बंदुकांचे कंत्राट घेतले आणि ते १८०९ मध्ये पुरे केले; मात्र त्यांच्या शिल्लक बंदुका पुढे तपासल्या असता त्यांचे भाग परस्परांत बसत नसल्याचे आढळले. व्हिटनी यांनी शासनाला या कल्पनेची गोडी लावली, हे त्यांचे कार्य लहान नाही, परंतु ती प्रत्यक्षात आणणारा मनुष्य वेगळा होता.

तो मनुष्य म्हणजे मेन प्रांतातला जॉन एच. हॉल. त्याने १८११ मध्ये पाठीकडून भरायच्या रायफलीचे पेटंट घेतले होते. या रायफलीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासण्याऐवजी मागच्या बाजूला वर उचलल्या जाणाऱ्या एका ठोकळ्यात भरली जाई आणि ठोकळा खाली दाबला की तो नळीला येऊन भिडे. या भिडण्यातच सारी मेख होती, कारण ठोकळा आणि नळी यांच्यात फट राहिली तर पेटलेल्या दारूचा वायू तिथूनच निसटे, आणि फट नाहीशी करण्यासाठी भाग फार घट्ट केले तर दारूची काजळी साचून ठोकळा अडके. १८१९ मध्ये सरकारने एक हजार रायफलींचे काम हॉलला सोपवले आणि शेनँडोआ नदीच्या काठी, हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागाराच्या वेगळ्या आवारात, त्याला कारखाना उभारून दिला. महिना साठ डॉलर पगार आणि प्रत्येक रायफलीमागे एक डॉलर मानधन असा त्याचा करार होता.

या कामाला सुमारे पाच वर्षे लागली. त्यातला बराच काळ रायफली बनवण्यात नव्हे, तर रायफली बनवणारी यंत्रे आणि ती यंत्रे तपासणारी मापे बनवण्यात गेला, म्हणूनच वरिष्ठांना हा खर्च उधळपट्टीचा वाटत होता. पाण्याच्या शक्तीवर चालणारे घण आणि धातू सरळ कापणारी यंत्रे हॉलने बसवली. त्यांवर पोरसवदा कामगारही काम करू शकत. त्याहून महत्त्वाचे होते ते गेज, म्हणजे भागाचे माप ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही हे क्षणात सांगणारे पोलादी साधन. एका रायफलीसाठी अशी त्रेसष्ट गेज वापरली जात, आणि त्यांचे कामगारांसाठी एक, तपासनिसांसाठी दुसरा व या दोहोंची झीज पडताळण्यासाठी तिसरा, असे वेगवेगळे संच ठेवले जात.

हॉलचा सर्वांत मूलगामी विचार मात्र मोजण्याच्या आरंभबिंदूविषयी होता. एखाद्या भागावर पहिले छिद्र कडेपासून मोजून, दुसरे पहिल्यापासून आणि तिसरे दुसऱ्यापासून मोजून पाडले, तर प्रत्येक टप्प्यातली बारीक चूक पुढच्या टप्प्यात साठत जाते, आणि शेवटी प्रत्येक माप वेगवेगळे पाहता निर्दोष असूनही भाग बसत नाही. हॉलने भागावर एकच आधारबिंदू निश्चित केला आणि त्यावरील सर्व कामे त्या बिंदूपासूनच मोजण्याचा दंडक घातला. यंत्रशाळांतून आजही पाळला जाणारा हा नियम त्या काळी नदीकाठच्या एका हट्टी माणसाने सरकारी हिशेबनिसांशी भांडत रुजवला, ही गोष्ट त्याच्या रायफलीपेक्षाही मोठी मानावी लागते. तज्ज्ञांच्या समितीने १८२७ मध्ये दिलेल्या अहवालात या रायफलींचे भाग खरोखर परस्परांत बसतात असा निर्वाळा दिला. आणि पुढे १८३४ मध्ये कनेक्टिकटमधल्या मिडलटाउन येथे सिमियन नॉर्थ यांच्या कारखान्यात बनलेल्या हॉल रायफलींचे भाग हार्पर्स फेरीच्या भागांशी जुळले. शेकडो मैल दूर असलेल्या दोन कारखान्यांतले जोडारी एकमेकांना न भेटता एकच वस्तू बनवू लागले, कारण दोन्हीकडची गेज सारखी होती.

हॉल १८४१ मध्ये वारला, पण त्याची पद्धत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात साध्या बंदुकीलाही लागू झाली. थॉमस ब्लँचर्ड याने तिथे आधीच नमुन्याच्या आकारावर फिरून तसाच वाकडातिकडा दस्ता कोरणारी लेथ बसवली होती. १८५४ मध्ये ब्रिटिश समितीने तिथे १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली प्रत्येकी एक बंदूक निवडली, दहाही सुट्या करवल्या, भाग मिसळले आणि हाती येईल तो भाग जुळणाऱ्या कामगाराला देत गेली. त्याने केवळ पेचकस वापरून सर्व बंदुका पुन्हा उभ्या केल्या. त्यानंतर ब्रिटिशांनी अमेरिकी यंत्रे विकत घेऊन एनफील्डचा कारखाना नव्याने सजवला. हार्पर्स फेरीचे शस्त्रागार मात्र अमेरिकी यादवी युद्धाच्या आरंभी, एप्रिल १८६१ मध्ये, माघार घेणाऱ्या संघीय सैन्यानेच पेटवले, आणि वाचलेली यंत्रे दक्षिणेकडच्या राज्यांनी उचलून नेली.

तरीही गेजमुळे निवडून जुळवण्याची गरज सर्वस्वी संपली नाही. महाराष्ट्रासह भारतभरच्या पोलिसांनी अनेक दशके खांद्यावर वाहिलेली थ्री-नॉट-थ्री ही एनफील्डच्याच घराण्यातली रायफल. तिच्या क्रमांक चार या प्रकारात बोल्टचे, म्हणजे काडतुसाला मागून आधार देणाऱ्या सरकत्या दांड्याचे, टोक सुटे ठेवलेले असते. काडतूस आणि हे टोक यांच्यातले अंतर थोडेही वाढले, तर काडतुसाचे पितळी कवच फाटू शकते. म्हणून ही टोके शून्य ते तीन अशा चार क्रमांकांत, किंचित वाढत्या लांबीची बनवली जात, आणि शस्त्रकारागीर गेजने अंतर तपासून त्यांतले योग्य ते टोक त्या एका रायफलीसाठी निवडत असे.