पेटंटला हरकत चाकूरहूनही घेता येते

बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला ‘पेटंट मिळालं’ असं लातूर जिल्ह्यात सर्रास म्हणतात. मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते त्या भागाच्या नावाला असतं आणि तिथल्या उत्पादकांचं सामाईक असतं. पेटंट नव्या शोधाला मिळतं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि तेवढा काळ मक्तेदारी अर्जदाराची. शोध नवा नाही, असं वाटलं तर ते कुणी सांगायचं? इथे गैरसमजांना सुरुवात होते.

पहिला म्हणजे, हे काम वकिलांचं आणि साहेबांचं. पेटंट कायद्याचं कलम २५(१) सांगतं की अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. शिक्षणाची, धंद्याची अट नाही. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी २०२३ मध्ये संपणार होती. कंपनीच्या आणखी एका अर्जामुळे ती २०२७ पर्यंत लांबली असती. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी. दोघी क्षयातून बऱ्या झालेल्या, जुन्या औषधांनी दोघींचे कान गेलेले. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्यांच्या पाठीशी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था होती, हेही सांगायला हवं. एकट्यादुकट्याने जिंकल्याच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण अशा अर्जांतलं रसायनशास्त्र कुणीतरी वाचावंच लागतं.

दुसरा गैरसमज जास्त मुरलेला आहे: पुस्तकात छापलं नसेल तर आजीच्या माहितीला कायद्यात किंमत नाही. याचं मूळ बहुधा हळदीच्या प्रकरणात असावं. हळदीने जखम भरते, यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. (सगळ्या हळदीचं नव्हे, तेवढ्या वापराचं, आणि त्यावर नावं होती ती भारतीय वंशाच्या दोन संशोधकांची.) रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं. घराघरात हळद लावतात, एवढं सांगून भागणार नव्हतं, कारण परदेशातला तोंडी वापर त्या वेळचा अमेरिकी कायदा धरतच नसे. म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदीतले लेखी दाखले आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख पुढे ठेवावा लागला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपला कायदा इथे वेगळा आहे. स्थानिक समाजात आधीपासून असलेलं ज्ञान, मग ते तोंडी का असेना, हा हरकतीचा स्वतंत्र मुद्दा आहे.

म्हणून काहीही सांगितलेलं चालतं, असंही नाही. शंभर सह्यांचं निवेदन इथे कामाचं नाही. समजा, लातूर जिल्ह्यातल्याच चाकूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं बनणाऱ्या कोळप्याची रचना कुणी ‘नवा शोध’ म्हणून अर्जात घातली. अशा वेळी हवं ते अर्जाच्या आधीच्या तारखेचं बिल, फोटो, कृषी प्रदर्शनाचं माहितीपत्रक, वापरणाऱ्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आणि ते अर्जातल्या नेमक्या दाव्यांशी जुळलं पाहिजे. नुसतं शीर्षक वाचून हरकत घेणारे हमखास आपटतात. निकाल पेटंट कार्यालयाचा कंट्रोलरच देतो.

पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. हरकतीचा नमुना ७-अ. पूर्वी त्याला शुल्क नव्हतं. मार्च २०२४ च्या नियमांनी ते लावलं आणि हरकत दखल घेण्याजोगी आहे का, हे आधी तपासायची तरतूदही आणली. खोडसाळ हरकतींना आळा बसेल हे खरं, पण खर्च सोसणं कंपनीपेक्षा वेल्डरलाच जड जाणार. पेटंट मंजूर झाल्यावरही, ते प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर, विरोध करता येतो. मात्र तेव्हा ‘कोणीही’ चालत नाही, त्या विषयात आपला हितसंबंध दाखवावा लागतो.